कलमांत न बसणारा करार

दिवाळी आठ दिवसांवर आली, की रेल्वेच्या कोणत्याही मोठ्या स्टेशनातल्या हजेरीच्या कारकुनाचे तोंड पाहवत नाही. बिचाऱ्याच्या टेबलावर रजेच्या अर्जांचा ढीग पडलेला असतो, आणि त्यातला प्रत्येक अर्ज डोळ्यांना पाणी आणील असाच असतो. एकाची आई आजारी, दुसऱ्याच्या बहिणीचे लग्न ठरते आहे, तिसऱ्याचे गावाकडचे घर पडायला आले आहे. एवढ्या मातोश्री एकाच आठवड्यात कशा आजारी पडतात, हे कोडे प्रत्यक्ष धन्वंतरीलाही सुटायचे नाही! कारकुनाला खरे कारण ठाऊक असते. त्याला ते ठाऊक आहे, हे अर्ज करणाऱ्यालाही ठाऊक असते. तरी ते कारण कोणी लिहीत नाही आणि कोणी विचारीतही नाही. ते अवघे दोन अक्षरांचे असते: सण.

आता नियम काय म्हणतो ते पाहा. रजा ही हक्क म्हणून मागता येत नाही, हे केंद्र सरकारच्या नोकरांच्या रजानियमांतले पहिल्या रांगेचे तत्त्व आहे. सेवेची निकड असेल तर वरिष्ठाने ती नाकारावी. लेखी मजकूर इतका स्वच्छ आहे. पण त्यावर भरवसा ठेवून नोकरीला लागलेला एक तरी इसम आपल्या पाहण्यात आहे काय? रुजू झाल्या दिवशीच माणसाने मनाशी धरलेले असते, की आपण वर्षभर निमूटपणे राबू, आडवेळी बोलावले तर धावत येऊ, आणि बदल्यात घरच्या मुख्य दिवशी साहेब आपल्याला सोडतील. साहेबांनीही मनाशी धरलेले असते, की आपण दिवाळीला याला सोडतो आहोत, तेव्हा पावसाळ्यात रूळ पाण्याखाली गेले की हा घड्याळाकडे बघणार नाही. यातले एक अक्षरही कोणी उच्चारलेले नसते. पण गाड्या धावतात त्या पुष्कळशा याच जोरावर.

ख्रिस अर्गिरिस नावाच्या अमेरिकन पंडिताने १९६० साली या प्रकाराला एक नाव दिले. मुकादमाने कामगारांच्या आपसांतल्या रीतिभातींत ढवळाढवळ करायची नाही, त्यांचा पगार आणि नोकरीची शाश्वती सांभाळायची. आणि कामगारांनी काम चोख द्यायचे, तक्रारी कमी करायच्या, असा एक व्यवहार कारखान्यात बिनबोभाट चाललेला त्याला दिसला. त्याला तो ‘मानसिक करार’ म्हणाला. आपल्याकडच्या कोणत्याही मुरलेल्या हेडक्लार्कने हा शोध त्याला एका कप चहावर सांगितला असता! असो. नाव देण्याचे श्रेय त्याचे त्याला देऊ.

हा करार न बोलता पाळायचा, तर दोन्ही पक्षांना एकमेकांचे मन वाचता आले पाहिजे. एका आळीत वाढलेल्यांना ते साधते. परंतु रेल्वेचे तसे नाही. मध्य रेल्वेच घ्या. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती जन्माला आली तीच मुळी जी. आय. पी., निजाम स्टेट, सिंदिया आणि धोलपूर अशा चार रेल्वे एकत्र करून. इगतपुरी-भुसावळकडचे अँग्लो-इंडियन आणि गोवेकर ख्रिस्ती ड्रायव्हर, हैदराबादकडचे तेलुगू नि उर्दू बोलणारे बाबू, कोकण-घाटावरचे खलाशी, दक्षिणेकडचे हिशेबनीस असा सगळा गोतावळा एका छपराखाली आला. पुढे भरतीच्या परीक्षा देऊन उत्तर प्रदेश आणि बिहारकडची तरुण मंडळी आली. आज देशभर रेल्वेची सुमारे बारा लाख माणसे आहेत. नियमांचे पुस्तक सर्वांना एकच. पण त्याच्या मागचा बिनलेखी हिशेब ज्याने त्याने आपापल्या घरून बांधून आणलेला आहे. आणि गंमत ही, की प्रत्येकाला वाटते, आपला हिशेब इतका उघड आहे की तो सांगायची गरजच नाही.

समजा, हिशेब खात्यातला एक तमिळ कारकून भाचीचे कान टोचायचे म्हणून आठ दिवसांची रजा मागतो. मराठी हेडक्लार्क चष्म्यावरून बघतो आणि हसू दाबतो. कान टोचायला आठ दिवस? आमच्याकडे सोनाराला बोलावले की पाच मिनिटांत काम! पण तमिळ घरात लेकरू मामाच्या मांडीवर बसल्याशिवाय कान टोचीत नाहीत. मामा गेला नाही, तर बहिणीचा सासरी पाणउतारा होतो. आता हेच हेडक्लार्क स्वतः भाचीच्या लग्नात अंतरपाटापाशी तिच्या पाठीशी उभे राहिलेले असतात. त्या वेळी त्यांना रजा मिळाली नसती, तर त्यांनी कचेरी डोक्यावर घेतली असती. मामाचा मान दोघांनाही सारखाच कळतो. फक्त तो लग्नात असतो की कान टोचताना, एवढाच काय तो फरक. पण अर्जावर ‘घरगुती कारण’ एवढेच लिहिलेले, आणि तोंडाने खुलासा करण्याइतकी त्या कारकुनाची मराठी नाही नि हेडक्लार्कची इंग्रजी उदार नाही. रजा नामंजूर होते. तिकडे तो मनात लिहून ठेवतो, की या कचेरीत आपले कोणी नाही. त्यानंतर पाच वाजले की त्याची लेखणी पाचलाच थांबते.

ईदची तऱ्हा आणखी निराळी. अर्जात तारीख घाला म्हणून कारकून हटून बसतो, आणि तारीख तर चंद्र ठरवणार. चंद्र काही स्टेशनमास्तरच्या हुकमतीखाली नाही! समजूतदार वरिष्ठ दोन्ही दिवसांची सोय मनात ठेवतो आणि आदल्या रात्रीच्या निरोपावर माणसाला सोडतो. आडमुठा वरिष्ठ म्हणतो, आधी तारीख आणा. दोघेही नियमाला धरूनच वागतात, हे लक्षात घ्या.

आणि छठ. दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध षष्ठीला बिहारकडच्या घरांत सूर्याला अर्घ्य देतात. आई व्रताला बसलेली, आणि मुलगा जवळ हवा अशी तिची इच्छा. त्यासाठी मुंबईहून पाटणा, दानापूर, गोरखपूरकडे रेल्वे जादा गाड्या सोडते. पण त्या गाड्या सोडायच्या तर सांधेवाला हवा, सिग्नलवाला हवा, डबे तपासणारा हवा, आणि यांतल्या पुष्कळांची घरे नेमकी त्याच रस्त्यावर आहेत. ज्या गाडीने आपण जायचे ती सुटावी म्हणून आपणच मागे राहायचे! आमच्याकडच्या कोकणातल्या माणसाला हे दुःख समजावून सांगायला नको. गणपतीच्या जादा गाड्यांना झेंडी दाखवीत तो स्वतः कल्याणच्या फलाटावर उभा राहिलेला असतो.

कचेरीतल्या बाबूंना वर्षाकाठी दोन निर्बंधित सुट्या यादीतून निवडता येतात. पाळीच्या नोकरीतल्या माणसाला त्या यादीचा उपयोग थोडाच. त्याच्यावर तोडगा सरकारने नाही काढला. तो माणसांनीच काढला. नाताळची रात्र मी करतो, लक्ष्मीपूजन तू कर, असा फेरबदल ड्रायव्हर-गार्डांच्या रनिंग रूमांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. (गार्डाला २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायचे असते, तोंडी मात्र अजून गार्डच.) ख्रिस्ती माणूस दिवाळीला झेंडी धरतो म्हणून हिंदू माणसाच्या घरी दिवे लागतात, डिसेंबरात ती फेड होते. वरिष्ठाने फक्त तिकडे पाहून न पाहिल्यासारखे करायचे असते. माझ्या मते रेल्वेतला हा सगळ्यांत पवित्र करार आहे, आणि तो कागदावर आणण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. कागदावर आला की त्याला नमुना येईल, नमुन्याला तीन प्रती येतील, आणि नाताळ निघून जाईल.

भाषेचे घोटाळे तर रोजचेच. मराठी साहेब ‘बघू’ म्हणतात तेव्हा मराठी माणूस समजतो, की बहुधा नाही. हिंदीवाल्याला त्यात आशा दिसते आणि तो आठवडाभर वाट पाहतो. मुंबईचा साहेब प्रेमाने ‘तुम’ म्हणतो. लखनौकडच्या माणसाला वाटते, भर कचेरीत आपली इज्जत गेली. साहेबाला पत्ताही नसतो.

येथवर जे सांगितले ते हसण्यावारी नेता येईल. पण बोनसची कथा तशी नाही, आणि दिवाळी अंकात ती न सांगणे अधर्म होईल. तिचा उगम सरकारी कचेरीत नव्हे, मुंबईच्या गिरण्यांत आहे. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना अमाप नफा झाला, महागाई भडकली, आणि १९१७ मध्ये मालकांनी कामगारांना युद्धबोनस दिला. मग तो वर्षानुवर्षे मिळत गेला. मालकांच्या लेखी ती मेहेरबानी होती. कामगाराने मात्र तो घरखर्चात धरला. सावकाराला त्यावर वायदा केला. गावी पाठवायच्या पैशांत तो मांडला. १९२३ साल संपताना मालकांनी हात आखडला. जानेवारी १९२४ मध्ये गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे दीड लाख कामगार मार्चपर्यंत बाहेर राहिले. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. समितीचा निर्णय असा, की बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने वा न्यायबुद्धीने कसलाही बजावता येण्याजोगा हक्क सिद्ध होत नाही. संप मोडला.

निर्णय कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेलही. पण ओळीने चारपाच वर्षे दिलेली वस्तू घेणाऱ्याच्या घरात हक्क होऊन बसते, ही साधी गोष्ट समितीच्या तराजूत मावली नाही. देणाऱ्याला दरवर्षी ती नवी कृपा वाटते. घेणाऱ्याला ती जुनी बाकी वाटते. पुढे चाळीस वर्षांनी, १९६५ मध्ये, बोनसचा कायदा झाला आणि खासगी कारखान्यांपुरता हा तंटा कागदावर आला.

सरकारी खात्यांचा तंटा मात्र उरला. रेल्वे कामगाराला सांगण्यात आले, की तुम्ही सरकारचे नोकर. नफ्याचा धंदा तुमचा नव्हे, तेव्हा बोनस कसला? तो विचारू लागला, की परळच्या वर्कशॉपात मी लोखंड ठोकतो आणि शेजारच्या गिरणीत माझा भाऊ सूत काढतो. दिवाळीला त्याच्या घरी बोनस आणि माझ्या घरी उपदेश? ८ मे १९७४ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी रेल्वे संपाच्या मागण्यांत आठ तासांच्या कामाबरोबर बोनसही होता. संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस मंगळूरकडचे ख्रिस्ती. पण मुंबईच्या कामगाराशी ते त्याच्या बोलीत बोलत. निरनिराळ्या मुलखांचे सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार ज्या प्रश्नांनी एका बाजूला खेचले गेले, त्यांत हा घरातल्या दिवाळीचा प्रश्न होता. सरकारने हजारोंना तुरुंगात टाकले, हजारोंना कामावरून काढले, आणि वीस दिवसांनी संप मागे घेतला गेला. बोनस मिळाला नाही.

तो मिळाला पाच वर्षांनी. १९७९-८० पासून रेल्वेत उत्पादकतेशी जोडलेला बोनस सुरू झाला. सरकारच्या खात्यांत ही योजना प्रथम रेल्वेतच आली. अलीकडे वर्षानुवर्षे तो ७८ दिवसांच्या पगाराइतका जाहीर होतो. पण हिशेबाला पगार महिना ७,००० रुपयेच धरायचा असल्याने हातात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये पडतात. ही रक्कम दसऱ्याच्या आधी मिळते, आणि त्याचे कारण बंगाल्यांची दुर्गापूजा. आमचा माणूस तीच रक्कम दिवाळीपर्यंत जपून ठेवण्याची शिकस्त करतो आणि बहुधा हरतो. गोव्याकडच्याला ती नाताळपर्यंत पुरवायची असते. त्याचे तर विचारूच नका.

सगळेच अलिखित करार जपण्याच्या लायकीचे असतात, असे मात्र कोणी समजू नये. रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवर एक गडी असे. कागदोपत्री त्याचे नाव ‘टेलिफोन अटेंडंट-कम-डाक खलाशी’. काम टेलिफोन घेण्याचे आणि टपाल पोचवण्याचे. प्रत्यक्षात तो बाजार करी, पोरांना शाळेत सोडी, भांडी घाशी, कुत्र्याला फिरवी. निवड साहेबांच्या पसंतीची. परीक्षा नाही की रांग नाही. आणि म्हणूनच तो तक्रार करीत नसे. बंगल्यावर काही वर्षे मान खाली घालून काढली, की रेल्वेत कायमची जागा मिळते, हे त्याच्या बापाने त्याला सांगून पाठवलेले असे. साहेबांना फुकटचा गडी, गड्याला आडवाटेची नोकरी, आणि पैसा जनतेचा! दोन्ही पक्ष खूश, म्हणून करार चांगला, असे म्हणता येईल काय? बाईसाहेबांच्या मर्जीवर एखाद्या तरुणाचे सारे आयुष्य टांगलेले असावे, याला माझ्या लेखी वेठ हाच शब्द आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये रेल्वे बोर्डाने १९८१ पासूनचे एक परिपत्रक रद्द केले. बोर्डाचे सदस्य दौऱ्यावर आले, की जनरल मॅनेजरने स्वागताला हजर राहायचे, अशी त्यात तरतूद होती. साहेबांच्या घरी राबणाऱ्या ट्रॅकमनांनाही रुळांवर परत पाठवा असा आदेश त्याच सुमारास निघाला. मग ६ ऑगस्ट २०२० च्या हुकमाने बंगला खलाशांची नवी नेमणूक थांबली, आणि १ जुलैपासून मंजूर झालेल्या नेमणुकाही पुन्हा तपासायला काढल्या. हुकूम योग्यच होता. पण ज्याने नेमणुकीच्या भरवशावर गावाकडची दुसरी कामे सोडली, तो कोणाकडे दाद मागणार? न बोललेल्या शब्दाला साक्षीदार नसतो. करार मोडणारे सरकार बरोबर होते, आणि फसलेला माणूसही काही चोर नव्हता.

याच्या जोडीला बापाच्या जागी मुलगा हाही एक समज आहे. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या पोराला लहानपणापासून शेजारीपाजारी सांगतात, की तू काय, रेल्वेतच लागणार. २००४ मध्ये ड्रायव्हर आणि गँगमन यांच्यासाठी सुरक्षेच्या नावाने एक निवृत्तियोजना आली. माणूस थकला, तर त्याने लवकर निवृत्त व्हावे आणि मुलाने परीक्षा देऊन लागावे. २०१० मध्ये ती अधिक सैल झाली आणि मुलाच्या नोकरीची हमीच नावात शिरली. म्हणजे बोलीतला समज कागदावर आला! आणि कागदावर येताच उघडा पडला. पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०१६ मध्ये म्हटले, की ही मागच्या दाराने भरती आहे आणि समान संधीच्या घटनेतल्या कलमांशी ती विसंगत आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात योजना थांबली, पुढच्या वर्षी संपली. रेल्वेच्या वसाहतीतले बाप हळहळले. पण वसाहतीच्या कुंपणाबाहेरच्या मुलानेही काही अपेक्षा धरलेली असते. त्याला वाटते, स्टेशन माझ्या गावात आहे, मग नोकर बाहेरचे का? १९ ऑक्टोबर २००८ रोजी मुंबईत रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या उमेदवारांना मारहाण झाली. परीक्षेला आलेल्या निरपराध पोराला बडवणे हे कोणत्याही अपेक्षेचे उत्तर नव्हे. पण परीक्षा मराठीतही देता यावी, आणि सगळ्या मंडळांची एकाच दिवशी व्हावी म्हणजे एकाने दहा ठिकाणी अर्ज भरू नयेत, या साध्या मागण्या मान्य व्हायला २०१० साल उजाडावे लागले. आधी कोणी ऐकले असते, तर फार बरे झाले असते.

या साऱ्या व्यवहाराची किंमत कळते ती तो थांबल्यावर. संप न करता रेल्वे अडवण्याची एक जुनी युक्ती आहे: नियमाप्रमाणे काम. प्रत्येक कलम अक्षरशः पाळायचे, प्रत्येक तपासणी पुरी करायची, पाळी संपली की उतरायचे, आणि गाड्या तासन्‌तास खोळंबतात. या शस्त्राला कोणी बेकायदा म्हणावे तरी कसे? नियम पाळणाऱ्याला शिक्षा देण्याचा नियम अजून व्हायचा आहे! आणि ती कलमे उगाच आलेली नाहीत. एकेका कलमामागे एकेक अपघात आहे, असे जुने रेल्वेवाले सांगतात. म्हणजे घाईच्या वेळी माणसाने थोडी कसर सोसून गाडी काढावी, ही वरिष्ठांची मुकी अपेक्षा. आणि काही विपरीत घडले, तर तेच कलम दाखवून त्यालाच दोषी धरायचे, हा लेखी नियम. मोटरमनांचा खरा राग या ठिकाणी आहे.

१० फेब्रुवारी २०२४, शनिवार. आदल्या दिवशी मध्य रेल्वेचा एक मोटरमन रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून गेला होता. लाल सिग्नल ओलांडल्याच्या प्रकरणांत होणाऱ्या कारवाईचे दडपण मोटरमनांवर आहे, अशी संघटनांची तक्रार होती. अंत्यसंस्कार कल्याणला होते. सहकारी मोटरमन मोठ्या संख्येने तिकडे गेले, जादा पाळी करायला माणसे उरली नाहीत, आणि त्या दुपारपासून कित्येक लोकल रद्द कराव्या लागल्या. शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटांवर गर्दी तुंबली. मोटरमनच्या जागा रिकाम्या आहेत आणि रोजच्या पुष्कळशा फेऱ्या जादा कामाच्या भरवशावर चालतात, हे प्रवाशांना त्या संध्याकाळी कळले. सहकाऱ्याला पोचवायला जाण्यासाठी रजेच्या नियमांत वेगळे कलम नाही; आणि मोटरमनाने रोज जादा पाळी करावीच, असेही त्याच्या नेमणुकीच्या कागदावर कोणी लिहून दिलेले नाही.